शब्द वाढला, आकडा राहिला

भाषा शिकवणाऱ्यांना 'अर्थविस्तार' ही संज्ञा परिचयाची आहे. 'तेल' हा शब्द मूळचा तिळाचा. पुढे तो शेंगदाण्याचा, करडईचा, सरकीचाही झाला. मात्र एखाद्या शब्दाचा अर्थ विस्तारल्यावर, त्याच्या जुन्या अर्थाच्या भरवशावर घालून दिलेल्या मर्यादांचे काय होते, हा प्रश्न आपण वर्गात सहसा विचारत नाही. आम्हाला तो सुचला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी.

जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या पानांतून शोध घेण्याची एक लहानशी सोय आमच्या विभागात केली होती. परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थ्यांची गर्दी झाली आणि ती बंद पडली. डिस्कवर जागा होती, मेमरी शिल्लक होती. संदेश एवढाच की उघड्या फायली फार झाल्या. एका सहकाऱ्याने कुठलासा आकडा वाढवला आणि काम सुरू झाले. तो आकडा १०२४ होता. तो कोणी आणि का ठरवला, याचा माग काढताना जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडतो आहोत.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होतो. १९६९ मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तेथे युनिक्स ही कार्यप्रणाली रचण्यास सुरुवात केली. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. प्रोग्रामने फाईल मागितली की कर्नल त्याच्या हाती एक लहानसा क्रमांक देतो, आणि पुढील सर्व वाचन-लेखन त्या क्रमांकावरच चालते. ०, १ आणि २ हे क्रमांक प्रघाताने अनुक्रमे आदान, प्रदान आणि त्रुटीसंदेश यांच्यासाठी राखलेले. नव्या फाईलला रिकाम्यांपैकी सर्वांत लहान क्रमांक मिळतो.

१९७५ च्या सहाव्या आवृत्तीत असे क्रमांक एका प्रोग्रामला १५ मिळत, आणि साऱ्या यंत्रात मिळून १०० फायली उघडता येत. या आकड्यांत कंजुषी नव्हती. ज्या पीडीपी-११ यंत्रावर ही प्रणाली चाले, तेथे एका प्रोग्रामच्या वाट्याला ६४ किलोबाइटचा पत्ता-अवकाश येई. प्रत्येक प्रोग्रामची कर्नलमधील नोंदवही १०२४ बाइटची होती, आणि पंधरा फायलींचे रकाने त्यातील ३० बाइट व्यापत. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे अध्यापक जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी या आवृत्तीच्या मूळ संहितेवर ओळीओळीने भाष्य लिहिले. पुढे परवान्याच्या अटींमुळे ते वर्गात वापरणे अशक्य झाले, तेव्हा छायाप्रतींच्या रूपाने ते हातोहात फिरले आणि १९९६ मध्ये रीतसर प्रकाशित झाले. संहिता आणि भाष्य यांचे नाते जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना ही हकीकत परकी वाटू नये.

आता शब्दाकडे वळू. फाईल म्हणजे डिस्कवरचा मजकूर, हा रूढ अर्थ युनिक्सने प्रारंभापासूनच ताणला होता. टर्मिनलही तेथे फाईलच. १९७३ मध्ये एका प्रोग्रामचे प्रदान दुसऱ्याला पोचवणारा पाइप आला. त्याची दोन टोके म्हणजे दोन क्रमांक. १९८३ मध्ये बर्कलेच्या आवृत्तीत सॉकेट आले आणि दूरच्या यंत्राशी चाललेला संवादही त्याच क्रमांकांत मोजला जाऊ लागला. पुढे वेबचा प्रसार झाला तेव्हा दारात आलेला प्रत्येक वाचक ही सर्व्हरच्या लेखी एक उघडी फाईल ठरली. शब्दाने आपल्या पोटात सारे जग घेतले. मर्यादा मात्र मूठभर कागद हाताळणाऱ्या माणसाच्या हिशेबाची राहिली.

कर्नलमधील आकडा वाढवणे त्या मानाने सोपे ठरले. १९९१ च्या पहिल्या लिनक्समध्ये एका प्रोग्रामला २० फायली मिळत. १९९६ च्या २.० आवृत्तीत २५६. त्यापलीकडे जायचे तर संहितेत फेरफार करून कर्नल पुन्हा संकलित करावा लागे. २००१ च्या २.४ आवृत्तीत फायलींची यादी गरजेनुसार वाढत जाई आणि कमाल आकडा १०,४८,५७६ होता. २००८ मध्ये ही कमाल मर्यादाही चालू यंत्रावर बदलता येऊ लागली. तरीही प्रोग्रामला आरंभी मिळणारा वाटा १०२४ च राहिला.

हा आळस असावा, असे आम्हाला प्रथम वाटले. ते चूक होते. बर्कलेच्याच 'सिलेक्ट' या सोयीने एकाच वेळी अनेक फायलींवर लक्ष ठेवता येते. त्यासाठी प्रोग्राम एक तक्ता बाळगतो, आणि लिनक्सवर त्या तक्त्यात नेमकी १०२४ घरे असतात. १०२४ किंवा त्यापुढचा क्रमांक आला की नोंद तक्त्याबाहेर, शेजारच्या मजकुरावर पडते आणि तो नासतो. सोलारिसच्या ३२-बिट ग्रंथालयात तर फाईलच्या क्रमांकाला एकच बाइट दिलेला होता. कर्नलने कितीही औदार्य दाखवले तरी २५५ च्या पुढचा क्रमांक तेथे मावत नसे. मर्यादा कर्नलमधून निघाली होती, पण तोवर ती इतरांच्या लेखनात मुरली होती.

म्हणूनच डिसेंबर २०१८ मध्ये सिस्टमडीच्या २४० व्या आवृत्तीने जो मार्ग काढला तो आम्हाला मार्मिक वाटतो. मर्यादा दोन असतात: प्रत्यक्ष लागू असलेली मृदू, आणि जिच्यापर्यंत प्रोग्राम स्वतःहून जाऊ शकतो ती कठोर. कठोर मर्यादा ५,२४,२८८ वर नेली. मृदू मर्यादा मात्र जाणीवपूर्वक १०२४ वरच ठेवली. ज्याला नवी रीत ठाऊक आहे त्याने आपला वाटा वाढवून घ्यावा. जुन्या तक्त्यावर विसंबलेल्याला धक्का लागू नये.

आज १०२४ हा यंत्राच्या ऐपतीचा अंदाज उरलेला नाही. जुने लेखन अजून चालू आहे आणि ते मोडू नये, एवढीच ती खूण आहे. एखादी मर्यादा जुनाट म्हणून पुसून टाकण्यापूर्वी तिच्या आधाराने कोणी काय लिहून ठेवले आहे हे वाचणे, हे काम शेवटी आपल्याच विद्याशाखेचे आहे.