अग्निशमन प्रशिक्षण आणि प्रशिक्षकाची कायदेशीर जबाबदारी : पुणे शहराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अग्निशामक दलाचा इतिहास सामान्यतः मोठ्या आगींच्या व हौतात्म्याच्या नोंदींतून लिहिला जातो. जवानाला आगीसमोर उभे राहण्यास शिकविणारा प्रशिक्षक त्यात क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात पुणे शहराच्या संदर्भात त्याच्या कायदेशीर जबाबदारीचा आढावा घेतला आहे.

प्रशिक्षणाची जडणघडण :
१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके व कापूस एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यात मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. धाडसाला धोक्याच्या ज्ञानाची जोड हवी, हा या घटनेचा धडा होय. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ मध्ये नागपुरास आले.

पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने अग्निशामक दल ठेवणे हे तिचे बंधनकारक कर्तव्य ठरविले. पुढे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ही सेवा बाराव्या अनुसूचीत समाविष्ट केली, तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीचा मालक व भोगवटादार जबाबदार ठरले.

प्रशिक्षकाचे उत्तरदायित्व :
या कायद्यांचा मुख्य रोख संस्था व इमारत यांवर आहे. सरावात मृत्यू ओढवल्यास प्रशिक्षकाची जबाबदारी निष्काळजीपणाच्या सर्वसाधारण कायद्याने ठरते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने घेतली. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या संदर्भात फौजदारी दोषासाठी घोर निष्काळजीपणाची कसोटी लावली. अन्य व्यवसायांतील प्रशिक्षकांसाठीही ती विचारार्ह आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील लेअर्ड्सव्हिल येथे २००१ मध्ये, प्रत्यक्ष आग लावून घेतलेल्या सरावात अडकलेल्या व्यक्तीची भूमिका करणारा नवखा स्वयंसेवक मरण पावला. सराव घेणारा अधिकारी पुढे फौजदारी निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरला. भारतात २०१८ मध्ये कोइमतूरजवळील एका महाविद्यालयातील आपत्ती-प्रात्यक्षिकात दुसऱ्या मजल्यावरून उडी मारण्यास भाग पाडलेली विद्यार्थिनी मृत्युमुखी पडली. प्रशिक्षकास अटक झाली. तो आपला अधिकृत प्रशिक्षक नसल्याचे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने स्पष्ट केले.

जवान आणि विद्यार्थी :
१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अग्निशामक दलातील नोकरीचा समावेश होता. त्या संरक्षणात नियोक्त्याचा दोष सिद्ध करावा लागत नसे. प्रात्यक्षिकात सहभागी होणारा विद्यार्थी मात्र कोणाचाच कर्मचारी नसतो. त्याच्या कुटुंबास भरपाईसाठी निष्काळजीपणा सिद्ध करण्याची वाट चालावी लागते. ज्याला धोक्याची जाण सर्वात कमी, त्यालाच कायद्याचा आधारही सर्वात कमी मिळतो.

निष्कर्ष :
गेल्या आठ दशकांत दल, महाविद्यालय व कायदे उभे राहिले. परंतु प्रशिक्षकाची जबाबदारी बहुतांशी दुर्घटनेनंतरच तपासली गेली. पुण्यासारख्या महाविद्यालयांच्या शहरात हा क्रम उलटणे आवश्यक आहे. प्रशिक्षकाच्या अधिकारपत्राची पडताळणी, उंचीवरील सरावापूर्वी दोर व जाळीची वजन टाकून चाचणी, सराव थांबविण्याचा अधिकार असलेला स्वतंत्र सुरक्षा अधिकारी आणि नकार देण्याची विद्यार्थ्यास मोकळीक या किमान अटी होत. त्यांची लेखी पूर्तता झाल्याखेरीज प्राचार्यांनी प्रात्यक्षिकास अनुमती देऊ नये.