एका अखंड शाफ्टची कुळकथा

24 डिसेंबर 1898 च्या संध्याकाळी पॅरिसच्या मोंमार्त्र भागातला र्‍यू लेपिकचा खडा चढ एका छोट्याशा मोटारीने चढून दाखवला. चालवणारा होता एकवीस वर्षांचा लुई रेनो. गाडीतलं एका सिलिंडरचं इंजिन दुसऱ्याच्या कारखान्यातलं होतं. रेनोची करामत इंजिनाच्या मागे होती. त्या काळातल्या बहुतेक मोटारी चाकांपर्यंत ताकद पोचवायला साखळी किंवा पट्टा वापरत. साखळी ढिली पडे, धूळ-चिखल खाई आणि भर रस्त्यात तुटे. रेनोने ती काढूनच टाकली. पुढच्या इंजिनापासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत त्याने एक फिरता दांडा नेला आणि टॉप गिअरमध्ये इंजिनाची गती थेट त्या दांड्याला मिळेल अशी गिअरपेटी बनवली. 1899 मध्ये त्याने या रचनेचं पेटंट घेतलं. आजच्या वेगवान गाड्यांत हौसेने बसवला जाणारा कार्बन फायबरचा प्रोपेलर शाफ्ट हा त्याच दांड्याच्या घराण्यातला.

नुसत्या दांड्याने काम भागत नव्हतं. खड्ड्यात मागचा अ‍ॅक्सल वर-खाली होतो, म्हणजे फिरता फिरता दांड्याला दोन्ही टोकांशी कोन बदलता आला पाहिजे. त्यासाठी लागणारा सांधा मोटारीपेक्षा कितीतरी जुना. सोळाव्या शतकातल्या जिरोलामो कार्डानोचं नाव त्याला चिकटलं आणि 1676 मध्ये रॉबर्ट हूकने त्याचं नीट वर्णन केलं. मोटारीत मात्र हा सांधा उघडा राही आणि धुळीने झिजे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसरने तो वंगणासकट बंदिस्त केला. 1903 मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डला उत्पादन सुरू झालं. त्याची कंपनी पुढे डाना या नावाने मोठी झाली. आपल्याकडे ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात ‘क्रॉस’ मागणाऱ्या मेकॅनिकच्या तोंडी स्पायसर हे नाव आजही असतं.

सांध्याचा प्रश्न सुटला, तेव्हा खरी अडचण पुढे आली. कुठलाही शाफ्ट अगदी काटेकोर सरळ आणि समतोल नसतो. वेग वाढला की मधला भाग किंचित बाहेर झुकतो, आणि झुकला की फिरण्याचा जोर त्याला आणखी बाहेर ओढतो. एका ठरावीक वेगाला तो दोरीउडीच्या दोरीसारखा फुगून फिरू लागतो. या मर्यादेला क्रिटिकल स्पीड म्हणतात. तिथे रेंगाळणारा शाफ्ट वाकतो, सांधे उखडतो आणि गाडीचा तळ फोडतो.

आकडे मांडले की पेच लगेच कळतो. दीड मीटर लांब आणि सुमारे 75 मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळीची ही मर्यादा हिशेबाने मिनिटाला साधारण 5,700 फेरे येते. आता गाडी ताशी 250 किलोमीटरने पळतेय असं धरू. टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास आणि मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण 3.5 असेल, तर शाफ्ट मिनिटाला सात हजारांहून जास्त फिरतो. तो शाफ्ट तिथवर टिकणारच नाही. नळीचा पत्रा जाड केला तर कडकपणा वाढतो तसं वजनही वाढतं आणि मर्यादा जवळपास तिथेच राहते. पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियम घेतलं तर वजन घटतं, पण त्याच प्रमाणात कडकपणाही घटतो, त्यामुळे क्रिटिकल स्पीड हलत नाही. व्यास वाढवावा तर गाडीखालच्या बोगद्यात जागा मोजकी. लांबी निम्मी केली की मात्र मर्यादा चौपट होते. म्हणून जगभर शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये सेंटर बेअरिंगचा आधार देण्याची पद्धत रुळली. आपल्या मालट्रकांत आणि एसटी गाड्यांतही तीच दिसते. उपाय चोख, पण किंमत मोजून: एक सांधा जास्त, एक बेअरिंग जास्त, त्याचं झिजणारं रबर आणि गाडीच्या तळाशी घुमणारा आवाज.

अखंड शाफ्ट हवा असेल तर वजनाच्या मानाने पोलादाहून कडक असा पदार्थ हवा होता. तो कार्बनच्या धाग्यात मिळाला. एडिसनने 1880 च्या सुमारास दिव्याच्या तारेसाठी बांबूचे तंतू जाळून कार्बन केले होते, पण ते ठिसूळ होते. 1958 मध्ये अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकनला कार्बनचे विलक्षण बळकट तंतू सापडले. त्यानंतर लवकरच ओसाकात अकिओ शिंदो यांनी कापडातल्या अ‍ॅक्रिलिकच्या जातीच्या धाग्यापासून कार्बन फायबर बनवलं, आणि साठीच्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेने त्याला खरी ताकद दिली. 1971 मध्ये जपानच्या तोरे कंपनीने व्यापारी उत्पादन सुरू केलं आणि हा धागा विकत मिळू लागला.

शाफ्टसाठी हा धागा जणू मुद्दाम घडवल्यासारखा आहे, कारण त्याची दिशा कारागिराच्या हातात असते. फिरत्या मँड्रेलवर, म्हणजे साच्याच्या दांड्यावर, इपॉक्सी या चिकट राळेत भिजलेला धागा गुंडाळत नेतात. 45 अंशाच्या तिरक्या थरांवर इंजिनाचा पीळ तोलला जातो. लांबीच्या दिशेने घातलेले थर शाफ्टला झुकू देत नाहीत, म्हणजे क्रिटिकल स्पीड वर नेतात. मग सगळं भट्टीत पक्कं होतं. पोलादात असे थर लावता येत नाहीत. तिथे कडकपणा सगळ्या दिशांना सारखाच विकत घ्यावा लागतो.

या शाफ्टचा मोटारीतला प्रवेश शर्यतीच्या झगमगाटात झालेला नाही. स्पायसरच्याच घराण्याने, डानाने, 1985 मध्ये फोर्डच्या इकोनोलाइन या मालवाहू व्हॅनसाठी तंतूंचा अखंड शाफ्ट दिला. लांब गाडी, लांब शाफ्ट: गरज तिथे होती. वेगवान गाड्या मागून आल्या. निसान जीटी-आरमध्ये इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे असतो, त्यामुळे मधला शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो. तिथे कार्बन ही चैन नाही. बीएमडब्ल्यूने 2014 च्या एम3 आणि एम4 मध्ये सेंटर बेअरिंगविना एकसंध कार्बन शाफ्ट बसवला. 2017 च्या अखेरीस मात्र त्याच जागी पोलाद परत आलं, कारण कार्बनची नळी जाड असते आणि एक्झॉस्टच्या नव्या पार्टिक्युलेट फिल्टरला जागा हवी होती.

आता आपल्या गाडीला असा शाफ्ट घेणाऱ्यांसाठी कळकळीने सांगायचं ते हे. ‘फिरणारं वजन कमी झालं की गाडी सुसाट सुटते’ असं सांगून हा माल खपवला जातो. हिशेब तसं म्हणत नाही. शाफ्टचं वजन मध्यापासून चार सेंटिमीटरच्या आत असतं, त्यामुळे वेगाने फिरूनही त्याचं जडत्व थोडंच. वरच्या हिशेबात धरलेल्या गाडीत शाफ्टचे पाच किलो कमी केले, तर फायदा डिकीतलं सहा किलो सामान उतरवण्याइतकाही नाही. खरा लाभ वेगळा आहे. बेअरिंग आणि जादा सांधा जातो, कंप कमी होतो, वरच्या वेगाला शाफ्ट शांत राहतो. तुटलाच तर तंतू पिंजले जातात. पोलादी दांड्यासारखा तो रस्त्यात रुतून गाडी उलथवण्याचा धोका कमी होतो.

त्याची पथ्यंही पाळावी लागतात. एक्झॉस्टची आच इपॉक्सीला सोसत नाही, म्हणून अंतर किंवा उष्णतारोधक आवरण हवं. दगडाचा खोल घाव बसला तर वेल्डिंग नाही, ठोकून सरळ करणं नाही, शाफ्टच बदलायचा. दोन तुकड्यांच्या जागी एक आला की सांध्यांचे कोन नव्याने तपासायचे. आणि दुकानदाराला किलो विचारण्याआधी दोन आकडे विचारायचे: माझ्या गाडीच्या लांबीला या शाफ्टचं क्रिटिकल स्पीड किती, आणि तो किती टॉर्क पेलतो? ज्याला ते सांगता येत नाहीत, त्याच्याकडून हा शाफ्ट घेऊ नये.