छिन्नमनस्कता आणि कार्यस्मृती

छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) म्हटले की कानात येणारे आवाज आणि संशय आठवतात. पण घरच्यांना रोज जाचते ते वेगळेच: माणूस हातचे काम मध्येच विसरतो.

ऐकलेले क्षणभर मनात धरून त्यावर विचार करण्याची क्षमता म्हणजे कार्यस्मृती. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी तिचे प्रारूप 1974 मध्ये मांडले. ७-२-९ हे आकडे उलट क्रमाने सांगायला तीच लागते. या आजारात ती अनेकदा दुबळी होते; मेंदूच्या पुढच्या भागाचे कार्य बिघडणे हे त्याचे एक प्रमुख कारण. धाराशिवच्या एखाद्या घरातून ज्वारी दळायला निघालेला मुलगा गिरणीपर्यंत पोहोचतो. गिरणी बंद दिसली की तिथेच थांबून राहतो. दुसरी गिरणी शोधावी की घरी परतावे, हे जुळवणेच त्याला जड जाते. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

औषधांनी भ्रम आणि भास बरेच ओसरतात, कार्यस्मृती मात्र फारशी सुधारत नाही. म्हणून बोधात्मक पुनर्वसनाचे (स्मृती, लक्ष आणि विचार यांना वळण लावणारे) सराव, एका वेळी एकच सूचना, खिशात लिहिलेली चिठ्ठी यांचे मोल मोठे.

उपचारांसाठी महाराष्ट्राची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. धाराशिवकरांना तिथवरचा प्रवास लांबचा. मात्र ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक 2022 पासून सुरू आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (2004) चित्रपटाने छिन्नमनस्कतेविषयी मराठी घरांना बोलते केले.