विश्वस्ताने कोणाला विचारावे?

‘आमच्यामागे मुलाबाळांचे पाहा,’ असा शब्द ज्याच्याकडून घ्यावा, तो गृहस्थ गावात फार मानाचा समजला जातो. कौटुंबिक ट्रस्टचे विश्वस्तपद हे त्या शब्दाचेच कायदेशीर रूप होय. सचोटीचा माणूस मिळाला म्हणजे काम भागले, अशी आपली समजूत असते. इतिहास मात्र निराळे सांगतो. सचोटीचा विश्वस्तही अडतो. अडल्यावर त्याने कोणाला विचारावे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास फार काळ जावा लागला.

ट्रस्टची कल्पना वाढली ती इंग्लंडात. मध्ययुगात तेथे एखादा जमीनदार आपली जमीन विश्वासू मित्राच्या नावे करी आणि तिचे उत्पन्न आपल्या बायकामुलांस द्यावे, असे सांगून ठेवी. मित्र फिरला तर सामान्य न्यायालये जमिनीच्या नावापलीकडे पाहत नसत. मग नाडलेली माणसे राजाच्या चॅन्सेलरकडे जात. मालकी कोणाच्या नावे आहे एवढेच न पाहता, त्या मालकाच्या सदसद्विवेकाला काय शोभते, हे चॅन्सेलर पाही. त्यातून पुढे चॅन्सरी न्यायालय आणि ट्रस्टचा सारा कायदा उभा राहिला.

पण औषधानेच पुढे रोगाचे रूप घेतले. लंडनचा धनाढ्य सावकार पीटर थेलसन १७९७ मध्ये वारला. संपत्तीचे उत्पन्न मुलानातवंडांच्या हाती न देता ते साठवीत जावे आणि पुढच्या पिढीला द्यावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले होते. इतकी वर्षे उत्पन्न साठविण्याला आळा घालण्यासाठी १८०० मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला. थेलसनची इस्टेट कोणाची, याचा अखेरचा निकाल लागला १८५९ मध्ये! मधल्या काळात खर्चाने व गैरव्यवस्थेने वाढीचा फायदा बव्हंशी गिळून टाकला. विश्वस्ताला साधा सल्ला हवा असला तरी दावा लावावा लागे, आणि दाव्याचा खर्च निघे तो मुलाबाळांच्याच ताटातून.

योगायोग असा की, त्याच १८५९ साली पार्लमेंटने एक लहानशी पण मोलाची सुधारणा केली. दावा न लावता, केवळ अर्ज करून विश्वस्ताने न्यायाधीशाचे मत विचारावे, आणि त्याप्रमाणे वागल्यास त्याला दोष लागू नये, अशी सोय झाली.

आपल्याकडे अशा सल्ल्याची गरज किती होती, हे कलकत्त्याच्या टागोर खटल्यावरून दिसते. प्रसन्नकुमार टागोर हे स्वतः नामांकित वकील. कलकत्ता विद्यापीठातील टागोर कायदा व्याख्यानमाला त्यांच्याच देणगीची. त्यांचे पुत्र ज्ञानेंद्रमोहन १८५१ मध्ये ख्रिस्ती झाले. वडिलांनी १८६२ च्या मृत्युपत्राने त्यांना वगळले आणि इस्टेट विश्वस्तांच्या हाती देऊन पुतणे जतींद्रमोहन व पुढे पुरुषवंशपरंपरेने जाईल अशी साखळी आखली. प्रसन्नकुमार १८६८ मध्ये वारले. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की, मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूवेळी जो जन्मालाच आलेला नाही, त्याला हिंदू कायद्याने असे दान देता येत नाही. जे सरळ देता येत नाही, ते विश्वस्त मध्ये घालूनही देता येत नाही. जतींद्रमोहनांना हयातीपुरता उपभोग मिळाला. त्यापुढील हक्क वगळलेल्या पुत्राकडेच गेला. न जन्मलेल्यांना देण्यावरचा हा निर्बंध १९१६ च्या कायद्याने काही मर्यादेत सैल केला. पण निष्णात वकिलाची लेखणीही जेथे चुकते, तेथे साध्या विश्वस्ताने केवळ स्वतःच्या समजुतीवर भिस्त ठेवणे धोक्याचे, हा धडा कायमचा आहे.

पुढे १८८२ चा भारतीय विश्वस्तव्यवस्था कायदा आला. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू करण्यात आला. त्याचे कलम ३४ प्रत्येक विश्वस्ताने वाचावे असे आहे. ट्रस्टच्या कारभारात प्रश्न उभा राहिला, तर मुख्य दिवाणी न्यायालयाकडे अर्ज करून मत, सल्ला वा आदेश मागता येतो. हकीकत प्रामाणिकपणे मांडून त्या सल्ल्याप्रमाणे वागणाऱ्याने, त्या बाबीपुरते आपले कर्तव्य बजावले, असे धरले जाते. मात्र हे दार सर्वच प्रश्नांसाठी उघडे नाही. जो गुंतागुंतीचा वा महत्त्वाचा प्रश्न थोडक्यात निकालात काढणे न्यायालयाला योग्य वाटत नाही, त्यासाठी दावाच लावावा लागतो. आणि हकीकत लपविणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

मग वकिलाचे काम कोणते? ट्रस्टपत्राचा अर्थ लावणे, अर्ज लिहिणे, धोके दाखविणे. यासाठी होणारा वाजवी खर्च ट्रस्टच्या मालमत्तेतून घेता येतो. पण निर्णयाचे ओझे वकिलाच्या खांद्यावर टाकता येत नाही. विश्वस्ताचे कर्तव्य दुसऱ्याला सोपविण्यास कायद्याची सहसा मनाई आहे. शहाणा मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेतो तेवढी काळजी, आणि स्पष्ट, बिनचूक हिशेब, ही त्याचीच जबाबदारी. तसे ठरलेले नसेल, तर मेहनतान्यावरही त्याचा हक्क नाही.

येथे दोन भेद ध्यानात ठेवावेत. एकत्र कुटुंबातील माणसांचे परस्परसंबंध या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून घरचा कर्ता आणि विश्वस्त एक नव्हेत. तसेच देवस्थाने व धर्मादाय संस्था यांची वाट निराळी. त्यांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा व धर्मादाय आयुक्त आहेत.

आपल्या लोकांना सल्ला विचारण्यात कमीपणा वाटतो. ‘माझ्यावर विश्वास नाही काय?’ असे विश्वस्त विचारतो आणि घरची मंडळी संकोचाने गप्प बसतात. पुढे मुले मोठी होऊन हिशेब मागू लागली, म्हणजे जन्माचा स्नेह कोर्टाच्या पायरीवर तुटतो. वेळीच विचारलेला प्रश्न मालमत्ता वाचवितो आणि स्नेहही वाचवितो. ज्याने आपल्यावर विश्वास टाकला, त्याच्या मुलाबाळांसाठी एवढे विचारण्याचा संकोच विश्वस्ताने धरू नये, असे आम्हांस वाटते.