एका पिनेची अनेक कामे

अटल टिंकरिंग लॅब ही योजना २०१६ साली सुरू झाली आणि सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती आर्डुइनोसारखी बोर्डे येऊ लागली. यांपैकी आर्डुइनो उनो हे बोर्ड नीट पाहिले, तर एक गोष्ट विद्यार्थ्यांना चक्रावून टाकते. १३ क्रमांकाच्या पिनेवर बोर्डावरचा छोटा दिवा आहे. पण दुसऱ्या चिपेशी एका विशिष्ट पद्धतीने बोलायचे झाले, तर घड्याळाचे ठोकेही हीच पिन देते. ० आणि १ या पिनांना संवेदक जोडला, की संगणकावरून नवा प्रोग्रॅम चढवताना अडचण येते, कारण संगणकाशी बोलण्याचे कामही त्याच पिनांकडे आहे. "सर, प्रत्येक कामाला वेगळी पिन का नाही दिली?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला ५० वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

रत्नागिरीच्या वाचकांना कोकण रेल्वेचे उदाहरण जवळचे वाटेल. हा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. गाड्या वाढवणे तुलनेने सोपे. पण रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्याशेजारी दुसरा बोगदा खणणे खर्चाचे. म्हणून एकाच रुळावरून दोन्ही दिशांच्या गाड्या आळीपाळीने सोडतात आणि कोणी कधी जायचे ते सिग्नल ठरवतो. चिपेच्या बाबतीतही तसेच झाले. आतील ट्रान्झिस्टर वर्षागणिक लहान व स्वस्त होत गेले. पिन मात्र धातूची, तिला आतून तार जोडायची, बाहेरून डाख द्यायचा; ती त्या प्रमाणात लहान होऊ शकली नाही. पिना वाढल्या की चिपेचे वेष्टन मोठे होते आणि किंमतही चढते.

१९७१ साली इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते, पण पिना फक्त १६. इंटेल तेव्हा मुख्यतः स्मृतीच्या चिपा बनवत असे व १६ पिनांचे वेष्टन तिच्या सवयीचे होते. माहितीच्या वाटेसाठी त्यातून चारच पिना उरल्या. १२ बिटांचा पत्ता तीन ठोक्यांत तुकड्यातुकड्याने बाहेर जाई, ८ बिटांची आज्ञा पुढील दोन ठोक्यांत त्याच पिनांवरून आत येई आणि उरलेल्या तीन ठोक्यांत ती पाळली जाई. एका आज्ञेला असे आठ ठोके लागत. पिना वाचल्या, त्याची किंमत वेळेत मोजली गेली. १९७२ च्या ८००८ ला १८ पिना मिळाल्या. वाट ८ बिटांची झाली, तरी पत्ता आणि विदा एकाच वाटेने जात. त्यांना वेगळे करण्यासाठी भोवती साधारण वीस चिपा मांडाव्या लागत.

१९७४ चा ८०८० हा ४० पिनांचा होता. त्यात पत्त्यासाठी १६ आणि विदेसाठी ८ स्वतंत्र पिना होत्या. प्रश्न सुटला असे वाटावे, तोच १९७६ च्या ८०८५ मध्ये इंटेलने पुन्हा वाट एकत्र केली. पत्त्याच्या खालच्या ८ बिटांना आणि विदेला त्याच ८ पिना दिल्या. हे मागे जाणे नव्हते. वाचलेल्या जागेत व्यत्यय-संदेशांच्या जादा पिना आणि एकेरी तारेवरून माहिती आत-बाहेर नेण्याच्या पिना बसल्या. आत्ता पिनांवर पत्ता आहे, तो टिपून घ्या, असे सांगणारी एक पिनही त्यांत होती. ती म्हणजे आपला सिग्नल. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनांत शिकलेल्या अनेकांनी हा पत्ता लॅचमध्ये पकडण्याचे परिपथ वहीत काढले असेल.

इथपर्यंत पिनेचे काम बदलत होते ते ठरलेल्या वेळापत्रकानुसार. १९७८ च्या ८०८६ मध्ये आणखी एक पाऊल पडले. त्याची एक पिन पुरवठ्याला जोडली आहे की जमिनीला, यावर दुसऱ्या आठ पिनांचे अर्थ ठरत. निवड परिपथ रचणाऱ्याच्या हाती आली. १९८० च्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरमध्ये ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्याही हाती आली. त्याच्या ४० पिनांपैकी ३२ पिना आदान-प्रदानाच्या, आठ-आठांच्या चार पोर्टांत विभागलेल्या. तिसऱ्या पोर्टाची प्रत्येक पिन दुहेरी: साधी पिन म्हणून वापरा किंवा माहिती पाठवणे-घेणे, व्यत्यय, गणकाचे ठोके, वाचन-लेखनाचे संदेश यांसाठी. अट एवढीच, की दुसरे काम हवे असेल तर त्या पिनेच्या लॅचमध्ये १ असला पाहिजे. तिथे ० राहिला, की पिन खालीच धरली जाते आणि दुसरे काम मुके होते. बाहेरची स्मृती जोडायची ठरवली, तर शून्यावे व दुसरे पोर्ट पत्ता आणि विदेकडे जाते. म्हणजे ३२ पिना ही कागदावरची संख्या. प्रत्यक्ष हाती किती उरतात ते आपल्या निवडीवर अवलंबून.

हा केवळ परीक्षेपुरता मुद्दा नाही. ८०५१ ला वीज मिळाली, की सर्व पोर्टांच्या लॅचमध्ये आपोआप १ भरला जातो. समजा, १ मिळताच पंप सुरू होईल अशी जोडणी केली. कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते-येते हे सांगायला नको. वीज परतताच, प्रोग्रॅमची पहिली आज्ञा पाळली जाण्यापूर्वीच पंप सुरू होऊ शकतो. विहिरीवर तेव्हा कोणी दुरुस्ती करत असेल, तर त्याच्या जिवाशी गाठ आहे. म्हणून अनुभवी माणसे ० मिळाल्यावरच यंत्र चालेल अशी जोडणी करत. आर्डुइनो उनोमधील २८ पिनांच्या चिपेत आदान-प्रदानाच्या २३ पिना आहेत व सुरुवातीला त्या सर्व आदानाच्या असतात. त्यांवर ना ० ना १, म्हणून तिथे जमिनीकडे जाणारा एक रोध लावावा लागतो.

पवईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या चमूने घडवलेला 'अजित' हा ३२ बिटांचा मायक्रोप्रोसेसर २०१९ साली जाहीर झाला. अशी चिप आपण स्वतः रचतो, तेव्हा कोणत्या पिनेला कोणती कामे द्यायची आणि वीज येताच तिने काय करायचे हेही आपल्यालाच ठरवावे लागते. विकत घेतलेल्या चिपेत हे निर्णय दुसऱ्याने, त्याच्या गरजेप्रमाणे, आधीच घेतलेले असतात.

शिक्षकांना आम्ही एक सुचवू. मुलांनी तार जोडण्यापूर्वी प्रत्येक पिनेपुढे दोन रकाने भरावेत: ही पिन आणखी कोणते काम करते, आणि वीज आल्याक्षणी तिची स्थिती काय असते. कागदाला दहा मिनिटे लागतील. यंत्राचा पहिला क्षण मात्र आपल्या ताब्यात राहील.