फ्लॉरेन्स पाहायला जाताना



आमच्या गावच्या शाळेतले एक गुरुजी परवा घरी आले. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्याकडे जाऊन परतताना तीन दिवस इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात काढायचे, असा त्यांचा बेत. हातात प्रेक्षणीय स्थळांची यादी, चांगली बावीस नावांची! म्हणाले, "सर, यातलं काय ठेवू आणि काय गाळू?" मी म्हटलं, "गुरुजी, यादी तूर्त बाजूला ठेवा. तीन दिवसांसाठी तीन प्रश्न घेऊन जा. या शहराकडे पैसा कुठून आला? ते कोणत्या हातांनी बांधलं? आणि पुढे ते राखलं कुणी?" तेच बोलणे आज आपल्यापुढे मांडतो.

पहिला दिवस पैशाचा. फ्लॉरेन्स आर्नो नदीच्या काठी वसले आहे. इंग्लंडसारख्या दूरदेशीची लोकर इथे यायची. ती धुवायची, पिंजायची, विणायची, रंगवायची आणि तिचे तलम कापड देशोदेशी विकायचे, हा इथला मोठा धंदा. 1252 साली शहराने सोन्याचे नाणे पाडले, फ्लोरिन. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. सोने इतके चोख की सारे युरोप ते डोळे मिटून घेई. कापडामागून सावकारी आली आणि राजेसुद्धा या शहराचे ऋणको झाले.

हे पाहायला जुन्या पुलावर जावे. पोंते वेक्यो त्याचे नाव. 1345 साली बांधलेल्या या पुलावर दोन्ही बाजूंना दुकाने आहेत. पूर्वी तिथे खाटीक बसत. 1593 साली राज्यकर्त्याने त्यांना हलवून सोनारांना बसवले. ते सोनार आजही आहेत. पण श्रोतेहो, सोन्याच्या झगमगाटात लोकर पिंजणारा मजूर विसरू नका. 1378 साली या पिंजाऱ्यांनी बंड केले. व्यापाऱ्यांच्या संघांना शहराच्या कारभारात स्थान होते. मजुरांना संघ काढण्याचीच मुभा नव्हती. ती त्यांनी मागितली. काही काळ मिळालीही, आणि मग पुन्हा हिरावली गेली. फ्लॉरेन्सच्या नीटनेटक्या पोशाखाचे आज कौतुक होते, 1951 साली इटालियन फॅशनचा पहिला गाजलेला मेळावाही इथेच भरला. त्या कापडाची मुळे अशी खोल आहेत.

दुसरा दिवस हातांचा. इथल्या मुख्य चर्चचे बांधकाम 1296 साली सुरू झाले. शंभरावर वर्षे लोटली तरी माथा उघडाच! घुमटाचा घेर आडवा मोजला तर सुमारे 45 मीटर. एवढ्या रुंदीला खालून आधार द्यायचा तर लाकूड किती लागेल, बरे? फिलिप्पो ब्रुनेलेस्की या सोनारकाम शिकलेल्या माणसाने सांगितले, खालच्या आधाराशिवाय घुमट उभा करतो. 1420 ते 1436 या सोळा वर्षांत त्याने तो केला. एकात एक असे दोन घुमट, आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या बसवलेल्या, म्हणजे काम चालू असताना त्या घसरत नाहीत.

पण ज्यांनी मोट हाकली आहे त्यांच्यासाठी खरी गंमत पुढेच आहे. मोटेचे बैल धावेवरून खाली उतरतात आणि पुन्हा मागे सरत वर येतात. मागे सरताना बैलाचे काय हाल होतात, ते शेतकऱ्याला सांगायला नको. ब्रुनेलेस्कीचे दगडविटा वर चढवणारे यंत्र बैलच फिरवीत, घाण्यासारखे गोल. त्यात त्याने दातेरी चाकांची अशी सोय केली की बैल न सोडता, न वळवता, एकाच दिशेने चालत राहावेत आणि ओझे मात्र हवे तेव्हा वर जावे, हवे तेव्हा खाली यावे. घुमटाच्या 463 पायऱ्या चढताना त्या बैलांची आठवण ठेवावी.

तिसरा दिवस राखणाऱ्यांचा. उफ्फिझी हे जगप्रसिद्ध चित्रालय. या शब्दाचा अर्थ नुसता 'कचेऱ्या'. 1560 साली ही इमारत मेदिची घराण्याच्या कचेऱ्यांसाठीच सुरू झाली. या घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुईझा. तिने 1737 साली करार केला, की घराण्याचा सारा कलासंग्रह राज्याला मिळेल, पण त्यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही. 1966 च्या नोव्हेंबरात आर्नोला महापूर आला, तेव्हा चिखलात बुडालेली पुस्तके देशोदेशीच्या तरुणांनी हातांनी उपसून काढली. वारसा टिकतो तो अशा माणसांमुळे.

त्या दिवसाची संध्याकाळ मात्र मराठी माणसाने राखून ठेवावी. नदीकाठच्या कास्चिने बागेच्या पश्चिम टोकाला आर्नो आणि मुन्योने यांचा संगम आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास करून परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी वारले. वय अवघे वीस. ख्रिस्ती देशात प्रेत जाळण्याची चाल नव्हती. तरी शहराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि संगमावर हिंदू रीतीने दहन झाले. 1874 साली तिथे छत्री उभारली गेली, तीत महाराजांचा अर्धपुतळा आहे. जवळच्या 1978 सालच्या मोठ्या पुलालाही लोक 'इंडियानो', म्हणजे हिंदी माणसाचा पूल, म्हणतात.

व्यवहाराचे दोन शब्द. जुलै-ऑगस्टचा उकाडा टाळावा. उफ्फिझी सोमवारी बंद असते, आणि तिकीट आधीच काढून ठेवावे. जुने शहर मात्र पायीच हिंडावे.

गुरुजींनी यादीची घडी घातली आणि मागच्या कोऱ्या बाजूला संगमाची खूण लिहून घेतली. म्हणाले, "सर, हेच तीन प्रश्न मी सहावीच्या पोरांना आपल्या तालुक्याच्या गावाबद्दल घालतो. पेठेत पैसा कुठून आला, वेस कुणी बांधली, बारव कुणी राखली?" शिक्षक बंधुभगिनींनो, आपणही हे करून पाहावे. त्याला इटलीचे तिकीट लागत नाही.