माती, गादी आणि पंधरा मिनिटे : हेलसिंकी १९५२ची एक कुस्ती

मागच्या टिपणात आपण घर्षण पाहिले. त्या तासाच्या शेवटी बेळगावकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, खाशाबा जाधव गादीमुळे मागे पडले, असं आमचे आजोबा म्हणायचे. हे घर्षणाच्या सूत्राने सिद्ध करता येईल का?" वर्गात हशा पिकला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. देवनहळ्ळीत मी यंत्रशास्त्र शिकवतो. इतिहास हा माझा विषय नाही, तरी या प्रश्नाचे उत्तर अर्धे यंत्रशास्त्रात आणि अर्धे इतिहासात आहे. म्हणून हे टिपण.

१. दोन शैलींची लढत म्हणजे काय?

मुष्टियुद्धाचे जाणकार सांगतात की लढतीचा रंग खेळाडूंच्या ताकदीपेक्षा त्यांच्या शैलींच्या जोडीवर ठरतो. नेहमीचे उदाहरण ३० ऑक्टोबर १९७४चे, किन्शासा येथील. जॉर्ज फोरमन जबर ठोसे मारणारा. मुहम्मद अलीने दोरांना टेकून त्याला मारू दिले, दमवले आणि आठव्या फेरीत पाडले. इथे दोघांचा खेळ वेगळा होता, पण रिंग आणि नियम दोघांच्याही सवयीचे होते.

आता असा सामना घ्या, ज्यात दोन्ही मल्ल ज्या विद्येत वाढले, ती विद्या त्या मैदानाची नव्हतीच. जुलै १९५२मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटाच्या मुक्त शैली कुस्तीत खाशाबा जाधव आणि जपानचे शोहाची इशी यांची गाठ पडली, ती अशी होती.

२. दोन मल्ल

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, पुढचे शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. शाहू महाराजांनी १९१२मध्ये खासबाग मैदान उभारले, ते हेच कोल्हापूर. तिथे कुस्ती म्हणजे लाल मातीचा हौदा. वेळेचे बंधन नाही, गुण नाहीत. समोरच्याची पाठ मातीला लागली की निकाल. खाशाबांचा हुकमी डाव होता ढाक: प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात कवेत घ्यायचा आणि त्याला अंगावरून फिरवून पाठीवर आणायचे.

इशी यांचाही जन्म १९२६चाच. ते मूळचे ज्युदोचे. युद्धानंतर जपानवर दोस्तांचा अंमल आला आणि ज्युदोवर बंदी आली, तेव्हा ते कुस्तीकडे वळले. ज्युदोमध्ये पकड प्रतिस्पर्ध्याच्या जाड सुती अंगरख्यावर असते. कुस्तीत अंगरखा नाही, म्हणजे इशींचे हाताचे आधारच गेले. पण तोल ढळवण्याची नजर कायम राहिली.

दोन्ही विद्यांत समोरच्याला स्वच्छपणे पाठीवर पाडणे हाच सर्वांत मोठा मान. म्हणजे "मातीचा मल्ल विरुद्ध गादीचा मल्ल" हे नेहमीचे वर्णन अपुरे आहे. गादीवर दोघेही पाहुणेच होते.

३. पायाखाली काय बदलते?

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा यंत्रशास्त्राचा भाग. भुसभुशीत मातीत अनवाणी पाऊल थोडे रुतते. पायाने मागे रेटले की घर्षणाबरोबरच टाचेमागची माती दाबली जाते आणि तीही रोध करते. पाय रोवता येतो तो यामुळे. मात्र तोच पाय हलवायचा तर आधी उचलावा लागतो, म्हणून हालचाल थोडी मंदावते. शिवाय मल्ल एकमेकांच्या अंगाला माती लावतात. घामावरही पकड टिकते.

गादीवर मातीचा रोध नाही. उरते फक्त घर्षण, म्हणजे जास्तीत जास्त μN. N म्हणजे गादीचा पावलावरचा उभा दाब. प्रतिस्पर्ध्याने पट काढून किंचित उचलले की N घटतो आणि त्याबरोबर आधारही घटतो. त्यामुळे गादीवर पायांवरचे झटपट हल्ले फळतात आणि ओल्या अंगावर मान-हात बांधून ठेवणे कठीण जाते. मातीत मुरलेल्या मल्लाला इथे तोटा आहे, हे खरे.

पण एवढ्यावर थांबलो तर चूक होईल. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा प्रथमच आंतरराष्ट्रीय नियमांनी गादीवर उतरले. तिथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाचे थोडे मार्गदर्शन मिळाले आणि ते फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी, वरच्या वजनगटात, तिसरे. सवय बदलता येते, याचा पुरावा त्यांनी स्वतःच दिला.

४. घड्याळ आणि पंच

पायाखालच्या जमिनीपेक्षा मोठा फरक नियमांचा होता. त्या काळी लढत पंधरा मिनिटांची असे. चीतपट झाली नाही तर तीन पंचांच्या मतांनी निकाल लागे. स्पर्धेत ऋणगुण मोजत: चीतपट करणाऱ्याला शून्य, नुसत्या निर्णयावर जिंकणाऱ्यालाही एक, हरणाऱ्याला त्याहून अधिक. पाच झाले की मल्ल बाद. शेवटी उरलेल्या तिघांत पदकांचा क्रम ठरे.

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले आणि शेवटच्या तिघांत आले. उरलेले दोघे होते इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह. इशींशी लढत पूर्ण वेळ चालली आणि पंचांच्या निर्णयाने इशी जिंकले. "एका गुणाने हरले" असे आपल्याकडे सांगतात, पण आजच्यासारखा गुणफलक तेव्हा नव्हताच. निकाल पंचांच्या मतांचा होता.

पुढची हकीकत अशी सांगितली जाते: दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, तरी खाशाबांना लगेच मम्मदबेयोव्हपुढे उभे केले. आक्षेप घ्यायला भारतीय पथकातले कोणी जवळ नव्हते. दमलेले खाशाबा ती लढत हरले. सुवर्ण इशींना, रौप्य मम्मदबेयोव्हना, कांस्य खाशाबांना. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

५. लढतीनंतर

या पदकामागचा खर्च आठवा. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले होते. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने घेतली आणि ते घर सोडवले. १९५५मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

इशींचे सुवर्ण हे हेलसिंकीतले जपानचे एकमेव सुवर्ण. जपानमध्ये कुस्तीची संघटना इचिरो हाता या ज्युदोपटूने १९३०च्या दशकातच उभी केली होती. युद्धानंतर त्याच पायावर गादी, प्रशिक्षक आणि परदेशी सराव यांची घडी बसली. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानने कुस्तीत पाच सुवर्णपदके घेतली. आपल्याला पुढच्या वैयक्तिक पदकासाठी १९९६पर्यंत थांबावे लागले आणि कुस्तीतल्या पदकासाठी २००८पर्यंत.

६. निष्कर्ष

विद्यार्थ्याला मी दिलेले उत्तर असे: आजोबा अर्धे बरोबर होते. गादीचा फरक सूत्रात मांडता येतो. पण इशींनाही आपली विद्या बदलूनच गादीवर यावे लागले होते. दोघांतला उरलेला फरक सूत्रात बसत नाही: सरावाला गादी कोणाला किती मिळाली, वाटखर्च कोणी केला आणि "थांबा, याला अर्धा तास द्या" म्हणायला गादीशेजारी कोण उभे होते. इकडे म्हैसूर भागात तालमीला 'गरडी मने' म्हणतात आणि तिथेही हौदा लाल मातीचाच. त्या मातीला दोष देणे सोपे आहे. मातीने खाशाबांना हेलसिंकीच्या शेवटच्या तिघांत पोचवले, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे.

विचारासाठी प्रश्न

१. प्रतिस्पर्ध्याने मल्लाचा एक-चतुर्थांश भार उचलला, तर गादीवरील कमाल घर्षण किती टक्क्यांनी घटेल? मातीत हेच उत्तर का लागू पडत नाही?

२. ऋणगुणांच्या पद्धतीत निर्णयावर जिंकणाऱ्यालाही एक गुण का लागत असावा? मातीतल्या निकाली कुस्तीशी याचे नाते जोडा.

३. तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या मल्लाला भेटा. माती सोडून गादीवर पहिल्यांदा उतरल्यावर काय चुकत होते, ते त्यांच्या शब्दांत लिहून आणा.